बूट गळ्यात, बंदूक डोईवर

(दृश्य: देवळाच्या पायरीशी पेटवलेला काडीकचरा. जाळावर फिरणारा डफ.)

डफ आधी शेकावा लागतो. दमट हवेत कातडं सैल पडतं, मग थाप बसकी येते. शाहीर तो जाळावर गोल फिरवतात, मध्येच टिचकी मारून बघतात, पुन्हा धरतात. टणक आवाज निघाला की झालं. मागं झीलकरी, म्हणजे शाहिरामागं सूर धरणारा साथीदार, तुणतुण्याची खुंटी पिळतोय. आणि ज्यांच्यावर हा पोवाडा, ते आबा पारावर तंबाखू मळत बसलेत. हा खटाटोप दुसऱ्याच कुणासाठी चाललाय जणू.

सातारा जिल्हा. इथं घरटी फौजी हे नवल नाही. याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. आबा पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. १७६८ साली उभी राहिलेली पलटण. १९७१ च्या डिसेंबरात ती तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला होती.

अज्ञानदासानं अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला. आज हाती असलेल्या पोवाड्यांत तो सर्वांत जुना मानतात. तेव्हापासून पोवाडा म्हटला की राजा, सरदार, किल्ला. घोड्यामागनं पायी चालणारा गडी 'मावळे' या एका शब्दात उरकला जातो.

(दृश्य: वही, चष्मा, तांब्याला टेकवलेला मोबाइल.)

तीन संध्याकाळी शाहीर वही घेऊन बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं ते पत्राचं. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र धाडलं. उत्तर आलं, त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. शाहिराला आणखी काय हवं! आबा म्हणाले, "ते सायबांच्यातलं. आमास्नी मागनं कळलं."

मग आबांना काय आठवतं? नदी. जुनी ब्रह्मपुत्रा, थंडीतलं रात्रीचं पाणी. नाड्या एकमेकींत बांधून गळ्यात अडकवलेले बूट. भिजू नयेत म्हणून हेल्मेटात ठेवलेली शंकरपाळी. शाहिरांनी ही शंकरपाळी दोनदा खोडली, वीररसात बसेनात. तिसऱ्यांदा ठेवली. बरं केलं.

(दृश्य: तालीम.)

चालीवरनं झालेली खडाजंगी तर कॅमेऱ्यातच सापडली. शाहीर सवयीनं द्रुत चालीत सुटले. आबांनी हात वर केला. "थांबा. पाण्यात कोण पळतंय व्हय?"

लय निम्म्यावर आली. झांज बंद. डफावर पुरी थाप नाही, नुसती बोटं काठावर. एक पाऊल, एक टिचकी.

पाणी लागलं छातीला, बंदूक डोईवर धरली जी
बूट गळ्यात बांधुनी, पलटण मुकी उतरली जी

'मुकी' हा शब्द आबांचा. बोलायची बंदी होती. खोकायचीसुद्धा.

नदी ओलांडून पलटणीनं जमालपूरच्या दक्षिणेची, ढाक्याकडं जाणारी वाट अडवली. १० डिसेंबरच्या रात्री आतली फौज तीच वाट फोडायला आली. वाट फुटली नाही. ११ ला जमालपूर पडलं. पोवाड्यात या रात्रीला अख्खा चौक, म्हणजे कडव्यांचा एक पुरा भाग, आहे. थाप आहे, झांज आहे, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' आहे. पण त्या रात्रीबद्दल आबा कॅमेऱ्यासमोर बोलले नाहीत. तो चौक शाहिरांनी वाचून बांधला, आणि ऐकताना ते कळतं.

(दृश्य: जत्रेची रात्र. ट्यूबलाइट, फेटे, पहिल्या रांगेत पोरं.)

जत्रेत पोवाडा झाला, शेजारच्या दोन गावांची सुपारीही आली. आबा पुढं दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, असं सूनबाई सांगतात.

हा नदीचा चौक. लय उतरली. आता शाहिरांकडं नको, उजव्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडं बघा.

(निवेदन नाही. झील पुरी जाऊ द्या. आबांना खोकला येतो. डोक्यावरची टोपी काढून ते तोंडावर दाबून धरतात, चौक संपेपर्यंत.)