रवंथ, मिथेन आणि एक ग्रॅम तेल

सावलीत बसून रवंथ करणाऱ्या गाईकडे थोडा वेळ नुसते पाहत राहावे. अधूनमधून तिची मान किंचित हलते आणि आवाज न करता ढेकर बाहेर पडते. तिच्या शरीरात तयार होणारा बहुतेक सर्व मिथेन याच वाटेने, म्हणजे तोंडानाकावाटे, हवेत मिसळतो. समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हा वायू 100 वर्षांच्या हिशेबात सुमारे 27 पट अधिक तापमानवाढ घडवतो.

कोटीपोट हा गाईच्या जठराचा सर्वांत मोठा कप्पा असून मोठ्या गाईत त्यात 100 लिटरहून अधिक ऐवज मावतो. तेथील जिवाणू, आदिजीव आणि बुरशी चाऱ्यातील तंतू फोडतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो; तो साचला तर आंबवण्याची क्रियाच मंदावेल, म्हणून आर्किया गटातील सूक्ष्मजीव त्याचा मिथेन बनवून त्याला वाट करून देतात. या व्यवस्थेची किंमत मात्र गाय मोजते, कारण चाऱ्यातील 2 ते 12 टक्के ऊर्जा त्या वायूबरोबर निघून जाते.

हा मिथेन कमी करण्यासाठी वनस्पतींची सुगंधी तेले खाद्यात मिसळून पाहिली जातात. अशा तेलांतील घटक, म्हणजे लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड ही द्रव्ये सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलात शिरून ते गळके करतात. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर 2006 पासून पूर्ण बंदी घातली, आणि पर्याय म्हणून या तेलांकडे लक्ष वळले.

येथे सावध राहणे मला अत्यंत आवश्यक वाटते. प्रयोगशाळेच्या चंबूत मिथेन झपाट्याने घटलेला दिसतो खरा, परंतु अनेकदा तेथे तेलाची मात्रा इतकी जास्त असते की तंतू पचवणारे उपयुक्त जिवाणूही मरतात. गाईला तशी मात्रा दिली, तर मिथेनबरोबर तिची भूक आणि दूधही कमी होण्याची भीती असते. शिवाय कोटीपोटातील सूक्ष्मजीव काही आठवड्यांत अशा द्रव्यांना सरावतात, त्यामुळे चार दिवसांच्या प्रयोगावरून केलेला दावा मला पुरेसा वाटत नाही.

म्हणूनच धण्याचे तेल, युजेनॉल आणि जिरॅनिल ॲसिटेट हे सुगंधी द्रव्य यांच्या एका मिश्रणाचा अनुभव मोलाचा आहे. दुभत्या गाईंवरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले असता, रोज केवळ 1 ग्रॅम दिल्याने दैनिक मिथेन सुमारे 9 टक्क्यांनी घटला आणि दूध घटण्याऐवजी थोडे वाढले. मात्र हा परिणाम दिसण्यासाठी किमान 4 आठवडे थांबावे लागले.