हनुवटीएवढी खिडकी

(दृश्य: पहाट. टेबलावरचा दिवा. पंखा बंद.)

सोलापुरात, एप्रिल महिन्यात, पंखा बंद करून कुणी बसतं का? हे काका बसतात. पंखा लावला तर कुंचल्यावरचं सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारा द्रव, सांध्याला लागायच्या आत उडून जातं. दुपारी तर विचारूच नका. म्हणून जोडकाम पहाटे आणि खिडक्या सताड उघड्या, कारण तो वास छातीत जाऊ द्यायचा नाही.

काका कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आता ते एक स्टेशन बांधतायत. लांबी 14 सेंटीमीटर.

(दृश्य: पांढरी शीट, स्टीलची पट्टी, कटर.)

कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. तिथून बार्शीपर्यंत 1897 साली छोटी गाडी सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलीमीटर. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली आणि शेवटी सगळी ब्रॉडगेज झाली. काकांचं स्टेशन त्याच लाइनीवरचं. आज तिथं पाडलेल्या दगडांचा ढीगही नाही.

मॉडेलचं प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्यापेक्षा 87 पट लहान. 762 ला 87 नं भागा, पावणेनऊ येतात. त्यामुळे बाजारात मिळणारा 9 मिलीमीटरचा रूळ इथं बरोबर बसतो.

शीट स्टायरीनची. फ्लेक्सवाल्याकडचं सनबोर्ड घेऊन फसू नका, ते वेगळं प्लास्टिक. स्टायरीन आरपार कापायचं नसतं. दोनदा हलकी रेघ मारायची, वाकवायचं, कट्‌ करून सरळ तुटतं. मी पहिल्यांदा जोर लावला तेव्हा काका म्हणाले, "दाबतो कशाला बे? ब्लेडला चालू दे की."

(दृश्य: कोपऱ्याचा सांधा, अगदी जवळून.)

आणि सॉल्व्हंट म्हणजे गोंद नव्हे. कुंचल्याचं टोक फटीला टेकवलं की थेंब आपोआप आत ओढला जातो, दोन्ही कडा विरघळतात, एकमेकींत मुरतात. वाळल्यावर ते एकच प्लास्टिक.

खरी गंमत खिडकीत आहे. 1 मिलीमीटरची शीट म्हणजे खऱ्या मापात साडेतीन इंचांची भिंत. दगडी भिंत दीड फुटाची, म्हणजे इथं सव्वापाच मिलीमीटर हवेत. पण जाडी दिसते कुठं? फक्त दारा-खिडक्यांच्या कोनाड्यात. काका तेवढ्याच चौकटीला आतून पट्ट्या लावतात. एरवी भिंत पोकळ. थरावर थर चिकटवून आख्खी भिंत जाड केली तर आत अडकलेलं सॉल्व्हंट महिन्याभरात तिला पापडासारखी वाकवतं. तशी एक वाकलेली भिंत काकांनी मुद्दाम ठेवलीय, मला दाखवायला.

छपराचा नालीदार पत्रा म्हणजे जेवणाच्या डब्याचा ॲल्युमिनियम फॉइल. फॉइल खोडरबरावर ठेवायचा आणि वरून 5 मिलीमीटरचा बोल्ट दाबून फिरवायचा. त्याच्या आट्यांमधलं अंतर 0.8 मिलीमीटर. खऱ्या पत्र्याच्या नाल्या तीन-तीन इंचांवर, त्याचं इथलं माप जवळपास तेवढंच. हे फिटरलाच सुचावं.

दगडाला मात्र काळा रंग नाही. एवढ्याशा भिंतीवर काळा रंग भोकासारखा दिसतो. राखाडी द्यायचा आणि फटींत पातळ शाई सोडायची.

(दृश्य: पुढची भिंत. एक जागा अजून कोरी.)

दाराचं माप फोटोवरून निघालं. दारात माणूस उभा होता. तिकिटाची खिडकी मात्र एकाही फोटोत नाही.

"आम्ही पंढरपूरला जायचो," काका सांगतात. "आप्पा तिकीट काढायचे, मी हनुवटी टेकून आत बघायचो. तिसरीत होतो."

नातू आत्ता तिसरीत आहे. त्याला भिंतीला उभा केला. टेप लावला. जमिनीपासून हनुवटीपर्यंत 105 सेंटीमीटर.

काकांनी 87 नं भागलं आणि कोऱ्या भिंतीवर 12 मिलीमीटरवर पेन्सिलीनं रेघ ओढली.