पाकिस्तानी मुली कुणाच्या पगारावर खेळतात?

नमस्कार. पॅरिस ऑलिंपिक, २०२४. पाकिस्तानचं पथक फक्त सात खेळाडूंचं. अर्शद नदीमनं भालाफेकीत सुवर्ण नेलं, ते पाठ आहे आपल्याला. पण त्या सातांत तीन मुली होत्या. किश्माला तलत पिस्तूल नेमबाजीत, फाइका रियाझ शंभर मीटर धावण्यात आणि जहाँआरा नबी जलतरणात.

पाकिस्तान १९४८ पासून ऑलिंपिकला जातोय. त्यांच्याकडून पहिली बाई उतरली ती १९९६ला, अटलांटात. शबाना अख्तर, लांब उडी. म्हणजे ४८ वर्षं शून्य. आणि आता सातात तीन.

हे कसं झालं म्हटलं की एक ठरलेला व्हिडिओ बनतो. बुरखा, बेड्या, बंडखोर मुलगी, मागे सतार. त्यातलं सगळंच खोटं नसतं, पण ते बघून कळत काहीच नाही. आपण आज वेगळा प्रश्न विचारू. या मुलींना महिन्याच्या एक तारखेला पैसे कोण देतं?

[पडद्यावर: नॅशनल गेम्सचा पदकतक्ता]

हा पाकिस्तानच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचा तक्ता. पंजाब, सिंध, बलुचिस्तान, खैबर पख्तूनख्वा हे प्रांत शोधायला खाली जावं लागतं. वर बसलेत आर्मी आणि वापडा. वापडा म्हणजे तिथलं पाणी आणि वीज विकास प्राधिकरण, धरणं बांधणारं खातं. त्यांच्या जोडीला नौदल, हवाई दल, रेल्वे, पोलीस. यांना तिथे सरळ 'डिपार्टमेंट' म्हणतात. कुठल्याही पाकिस्तानी महिला खेळाडूशी बोला, दुसऱ्या वाक्यात हा शब्द येतोच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मिताली राज रेल्वेची. आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेचा. आपल्याकडचा कबड्डीपटूसुद्धा आधी नोकरी बघतो, मग चढाई. फरक इतकाच की आपल्याकडे आता आयपीएल, डब्ल्यूपीएल, प्रायोजक, राज्य सरकारांची बक्षिसं असे आणखी दरवाजे आहेत. तिथे मुलीसाठी बराच काळ हा एकच दरवाजा होता.

आता मुलगी त्या दरवाजापर्यंत पोचते कशी, ते बघा. शाळेत खेळली. मॅट्रिकनंतर कॉलेजला प्रवेश घेतला तो 'स्पोर्ट्स बेस'वर, म्हणजे खेळाडूंच्या राखीव जागेवर. तिथून आंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाच्या स्पर्धा. विद्यापीठांचा मिळून एक संघ असतो, उच्च शिक्षण आयोगाचा, एचईसी म्हणतात त्याला. तो नॅशनल गेम्समध्ये एखाद्या प्रांतासारखा स्वतंत्र उतरतो. तिथे डिपार्टमेंटच्या प्रशिक्षकांची नजर पडली की ट्रायल्सचं बोलावणं येतं.

हा रस्ता आई-बापांना का चालतो? कारण प्रत्येक टप्प्यावर घरात सांगायला काहीतरी आहे. आधी 'शिकायला जाते', मग 'सरकारी नोकरी आहे'. 'खेळायला जाते' असं म्हणावंच लागत नाही. माझ्या मते ही नोकरी पैशापेक्षा या एका वाक्यासाठी जास्त मोलाची आहे.

आणि रस्ता मोडतो कुठे? पदवी संपते तिथे, बावीस-तेवीसच्या वयाला. एचईसीची जर्सी उतरली आणि डिपार्टमेंटची मिळाली नाही, की मधे पकडायला काही नसतं. क्लब थोडे, शुल्क भरावं लागणारं, आणि घरी लग्नाचं बोलणं सुरू झालेलं. नोकरी मिळाली तरी कित्येकदा ती कराराची, दरवर्षी नूतनीकरण. गुडघा गेला की करार गेला.

आणि डिपार्टमेंट मिळालं की काय होतं, त्याला नसीम हमीदचं उदाहरण घ्या. कराचीच्या कोरंगी भागातली, साध्या घरातली मुलगी. २०१० साली ढाक्याच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं शंभर मीटर ११.८१ सेकंदांत मारलं आणि दक्षिण आशियातली सर्वांत वेगवान महिला ठरली. धावत होती आर्मीकडून. किश्माला तलतही आर्मीचीच. नेमबाजीला रेंज लागते, पिस्तूल लागतं, रोजच्या सरावाला छऱ्यांचे डबेच्या डबे लागतात. हे सगळं एका छताखाली आर्मीकडे आहे. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिनं कांस्य जिंकलं. आशियाई स्पर्धेतलं पाकिस्तानचं नेमबाजीतलं हे पहिलं पदक, पुरुष धरून.

मग सरकारनं हा दरवाजाच बंद केला तर? तेही झालं. इम्रान खान पंतप्रधान असताना डिपार्टमेंटचे संघ बंद करायचं धोरण आलं. त्यांचं म्हणणं असं की ऑस्ट्रेलियासारखे प्रांतांचे संघ असावेत. कागदावर मुद्दा चुकीचा नव्हता. पण पुरुष क्रिकेट डोळ्यांपुढे ठेवून घेतलेला निर्णय सगळ्या खेळांना बसला, आणि जिथे पर्याय नव्हता तिथे जास्त बसला. ऑगस्ट २०२२मध्ये पुढच्या सरकारनं तो फिरवला. खेळाडूच्या कारकिर्दीत दोन-तीन वर्षं म्हणजे किती, ते सांगायला नको.

[पडद्यावर: १९९७, क्राइस्टचर्च]

आता क्रिकेट. इथली सुरुवात डिपार्टमेंटनं केली नाही, बोर्डानंही नाही. कराचीच्या गालिचा व्यापारी घरातल्या शाइझा आणि शर्मीन खान या बहिणींनी घरच्या पैशावर संघ उभा केला. जानेवारी १९९७ला न्यूझीलंडमध्ये पहिला एकदिवसीय सामना, सर्वबाद ५६. डिसेंबरमध्ये भारतातल्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियानं हैदराबादला त्यांना २७वर गुंडाळलं. हसले लोक. पण मार्च २००४, कराचीचं नॅशनल स्टेडियम, वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी. किरण बलोच २४२. मिताली राजचा २१४चा विक्रम मोडला. महिला कसोटीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. त्याच सामन्यात शाइझानं हॅटट्रिकसह १३ बळी घेतले. आणि त्यानंतर पाकिस्तानच्या मुली एकही कसोटी खेळलेल्या नाहीत. महिला कसोटीतली सर्वांत मोठी खेळी ज्या संघाच्या नावावर, त्याच्या एकूण कसोट्या तीन.

पुढच्या वर्षी मुलींचं क्रिकेट पाकिस्तान क्रिकेट बोर्डाकडे आलं, खान बहिणींचं पर्व संपलं. मधल्या काळात मुलींना जगवलं ते झेडटीबीएलनं, म्हणजे सरकारी कृषी बँकेनं. सना मीर, बिस्माह मारूफ, निदा दार, सगळ्या या बँकेच्या संघातून खेळल्या. सनाच्या नेतृत्वाखाली २०१० आणि २०१४ची आशियाई सुवर्णं आली. २०१८मध्ये ती एकदिवसीय गोलंदाजांच्या क्रमवारीत पहिली होती.

इथे एक आठवण आपल्याही गावची. २०१३चा महिला विश्वचषक मुंबईत होता. पाकिस्तानच्या मुलींना मुंबईत खेळू देणार नाही म्हणून धमक्या आल्या, त्यांचे सामने कटकला हलवले. तिथे त्यांची राहायची सोय बाराबती स्टेडियमच्या आवारातच केली होती. उठायचं मैदानात, झोपायचं मैदानात. मुंबईच्या खात्यावर हे लिहिलेलं आहे, पुसता येणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मला पाकिस्तान क्रिकेट बोर्डाचं कौतुक वाटतं, ती. मे २०२१, पालकत्व धोरण. कलमं बघा. आई होणाऱ्या खेळाडूला १२ महिन्यांची पगारी रजा. पुढच्या वर्षीच्या कराराची हमी, म्हणजे रजेवर असताना यादीतून नाव उडवायचं नाही. परतताना वैद्यकीय आणि तंदुरुस्तीची मदत. आणि सर्वांत कामाचं कलम: दौऱ्यावर बाळ सांभाळायला एक माणूस सोबत, खर्च निम्मा बोर्डाचा, निम्मा खेळाडूचा. बाप होणाऱ्यांनाही ३० दिवसांपर्यंत पगारी रजा.

पहिला उपयोग कर्णधार बिस्माह मारूफनं केला. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, मार्च २०२२ला ती न्यूझीलंडमध्ये विश्वचषक खेळत होती, आई आणि बाळ सोबत. भारतीय मुलींनी त्या बाळाभोवती गर्दी केलेला फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्या फोटोमागे हे निम्म्या-निम्म्या खर्चाचं कलम आहे. त्याच स्पर्धेत वेस्ट इंडीजला हरवून विश्वचषकातली सलग १८ पराभवांची माळ तुटली. निदा दारनं १० धावांत ४ बळी घेतले.

[पडद्यावर: फुटबॉल महासंघ, लाहोर]

संस्था बिघडली की काय होतं, ते फुटबॉलमध्ये दिसतं. मार्च २०२१. कराचीत मुलींची राष्ट्रीय स्पर्धा चालू आहे. तिकडे लाहोरमध्ये एका गटानं महासंघाच्या कार्यालयाचा ताबा घेतला. फिफानं नेमलेल्या समितीला बाहेर काढलं. स्पर्धा अर्धवट थांबली, संघ घरी. एप्रिलमध्ये फिफाची बंदी, ती उठली जून २०२२ला. त्याआधीही २०१७ला बंदी येऊन गेली होती. परिणाम असा की २०१४ नंतर राष्ट्रीय महिला संघ थेट सप्टेंबर २०२२ला मैदानात आला. आठ वर्षं. अठराची पोर सव्वीसची झाली. यात मौलवी कुठेच नाहीत, खुर्चीची भांडणं आहेत.

परत आल्यावर काठमांडूत भारताकडून ०-३, बांगलादेशकडून ०-६, आणि मालदीवला ७-०. त्यात नादिया खानचे चार गोल. नादिया इंग्लंडमध्ये वाढलेली. कर्णधार मारिया खान अमेरिकेत. देशातला कारखाना बंद होता, म्हणून बाहेर घडलेल्या मुली आणल्या. तात्पुरता उपाय म्हणून ठीक. २०२५ला आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत त्यांनी यजमान इंडोनेशियाला २-० हरवलं.

विरोध नव्हताच असं म्हणत नाहीये मी. एप्रिल २००५ला गुजराँवालात मुलींसह होणाऱ्या मिनी मॅरेथॉनवर धार्मिक पक्षांच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला. सरकारनं मग अशा एकत्र शर्यतींवरच बंदी आणली. मे महिन्यात लाहोरला त्याविरुद्ध धावायला निघालेल्या मानवाधिकार वकील अस्मा जहाँगीर यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पण रोजचा अडथळा याहून साधा असतो. मैदान सहा किलोमीटरवर आहे, बस नाही, भाऊ मोकळा नाही. २०१६ला पंजाब सरकारनं मुलींना मोटारसायकल शिकवायचा 'विमेन ऑन व्हील्स' कार्यक्रम काढला. क्रीडा खात्याचा नव्हता तो. तरी खेळाडू मुलीच्या कामाचं त्याइतकं क्रीडा खात्यानं काय केलं, हे शोधावं लागेल.

कडेच्या भागांकडेही बघा. क्वेट्टात हजारा समाजाच्या वस्तीत कराटेचे क्लब घराजवळ आहेत, हॉल बंदिस्त, फी थोडी. तिथलीच नर्गिस हमीदुल्ला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिचं कांस्य, आशियाई स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली पाकिस्तानी महिला. उत्तरेच्या डोंगरातल्या हुंझाच्या गोजालमध्ये करिश्मा इनायत यांनी २०१८ला मुलींची फुटबॉल लीग सुरू केली. आणि तिथल्याच शिमशालची समीना बेग, २०१३ला एव्हरेस्ट, २०२२ला के-टू. पण याच क्वेट्टाची हॉकीपटू शाहिदा रझा आजारी मुलाच्या उपचाराची वाट शोधत युरोपला निघाली आणि फेब्रुवारी २०२३ला इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट फुटून तिचा जीव गेला. राष्ट्रीय संघाची जर्सी होती तिच्याकडे.

आता क्रिकेटचा ताजा हिशेब. २०२५च्या विश्वचषकासाठी लाहोरला पात्रता फेरी झाली, पाकिस्ताननं पाचही सामने जिंकले. मग मुख्य स्पर्धेत, कोलंबोत, चार पराभव, तीन सामने पावसात, तळाचा क्रमांक. कर्णधार फातिमा सनानं इंग्लंडची नऊ बाद १३३ अशी गत केली होती, तोही सामना वाहून गेला.

गोलंदाजी जगाच्या बरोबरीची, फलंदाजी का नाही? मार्च २०२३मध्ये भारतात डब्ल्यूपीएल सुरू झाली. त्याच महिन्यात रावळपिंडीत महिलांचे तीन प्रदर्शनीय सामने झाले, अमेझॉन्स विरुद्ध सुपर विमेन. लीगची ती चाचणी होती. लीग त्यानंतर आलीच नाही. गोलंदाजी एक वेळ नेटमध्ये, एका यष्टीवर नेम धरून घोटता येते. पण चांगल्या परदेशी गोलंदाजाला खेळायचं तर ती समोर यावी लागते. भारतातल्या विशीतल्या मुलीला ती डब्ल्यूपीएलमध्ये मोसमभर भेटते. पाकिस्तानी मुलीला ती पहिल्यांदा भेटते थेट आंतरराष्ट्रीय सामन्यात, धावफलक चालू असताना.