काचेवरचं नाव, काचेतलं गाव

(दृश्य: टेबलावर जुने व्हॉल्व्ह. कॅमेरा नावांवरून सरकतो.)

जुन्या रेडिओत आणि अँप्लिफायरमध्ये काचेच्या नळ्या असत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. या तीन व्हॉल्व्हवरची नावं वाचा. मलार्ड. अँपेरेक्स. आरसीए. म्हणजे एक इंग्लंडचा आणि दोन अमेरिकेचे, असंच कुणालाही वाटेल. पण तिन्हींचा कारखाना एकच आहे, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातलं ब्लॅकबर्न. मलार्ड आणि अँपेरेक्स दोन्ही फिलिप्सच्या घरातल्या. त्या घरातला माल एकमेकींकडे जायचा, बाहेरच्या कंपन्याही तो घ्यायच्या आणि त्यावर आपला छाप मारायच्या. यात लबाडी नव्हती, तेव्हाचा धंदाच तसा होता. घोळ झाला तो पुढे, लोक नावावर पैसे मोजायला लागले तेव्हा.

(दृश्य: एकाच व्हॉल्व्हचा जवळून शॉट. दोन करड्या प्लेटा स्पष्ट दिसतात.)

हा आहे ईसीसी ८३. ग्रामोफोनच्या पिकअपमधून येणारा बारीकसा सिग्नल मोठा करायचा, हे याचं काम. गिटार अँप्लिफायरवालेही याच्याच मागे असतात. नाव अक्षर-अक्षर उलगडतं. ई म्हणजे हीटर, आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टचा. एक सी म्हणजे एक ट्रायोड, सिग्नल मोठा करणारा तीन इलेक्ट्रोडचा संच; इथे एकाच काचेत दोन आहेत म्हणून दोन सी. ८ या आकड्यावरून कळतं की खाली नऊ पिनांचा छोटा बेस आहे. याच पद्धतीने ईएल ३४ वाचा: एल म्हणजे आउटपुटचा पेंटोड, पाच इलेक्ट्रोडचा, ३ म्हणजे आठ पिनांचा जाड ऑक्टल बेस. अमेरिकेत ईसीसी ८३ ला १२एएक्स७ म्हणतात. आरसीएने तो १९४७ मध्ये आणला. तिथे १२ आणि इथे ६.३ का? हीटरचे दोन भाग आहेत. एकापुढे एक जोडले तर १२.६ व्होल्ट लागतात, समांतर जोडले तर ६.३.

(दृश्य: बोटांत धरलेला व्हॉल्व्ह दिव्याखाली तिरका फिरतो. तळाशी, पिनांच्या जरा वर, करडी अक्षरं उजळतात.)

आता खरी गंमत. फिलिप्सच्या युरोपातल्या कारखान्यांत काचेच्या तळाशी दोन ओळींचा कोड उमटवत. समोरून बघितला तर दिसत नाही, उजेड तिरका पडावा लागतो. इथे वरच्या ओळीत आहे आय ६ १, खालच्या ओळीत बी २ ई ३.

खालची ओळ आधी घेऊ. बी म्हणजे ब्लॅकबर्न. हॉलंडमधल्या हेर्लेनचा माल असता तर इथे छोटा त्रिकोण असता, हॅम्बुर्गचा असता तर डी. २ हा वर्षाचा शेवटचा आकडा. ई म्हणजे पाचवा महिना, मे, आणि ३ म्हणजे तिसरा आठवडा. आठवडा सापडला, पण दशक नाही! १९५२, १९६२ की १९७२?

इथे आतली रचना बघावी लागते. मलार्डच्या सुरुवातीच्या ईसीसी ८३ मध्ये प्लेटा, म्हणजे आतले करडे धातूचे पत्रे, लांब होत्या, साधारण १७ मिलिमीटर. साठीच्या दशकात त्या आखूड झाल्या, १४ च्या आसपास. या व्हॉल्व्हच्या प्लेटा आखूड आहेत, म्हणून १९५२ बाद. राहिली दोन वर्षं. वरच्या ओळीत आय ६ ही ईसीसी ८३ ची खूण, आणि त्यापुढचा १ रचनेच्या आवृत्तीचा. बदल झाला की तो आकडा पुढे सरकायचा. १ म्हणजे अजून सुरुवातच. म्हणून मे १९६२.

(दृश्य: काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग. शेजारी पांढरा पडलेला मेलेला व्हॉल्व्ह.)

माथ्यावरची ही चांदी म्हणजे बेरियम. आत उरलेली हवा शोषून घ्यायला ते तिथे उडवतात. ज्या तारेवरून उडवतात ती तार, म्हणजे गेटर, कधी डी अक्षरासारखी वाकवलेली असते, कधी पूर्ण गोल. डी जुना, गोल नंतरचा. आणि चांदी पांढरीफटक पडली असेल तर काचेत हवा शिरली आहे. असा व्हॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नका.

टेलिफुंकन या जर्मन कंपनीची खूण वेगळी. तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेला चौकटचा आकार. छापील नाव अंगठ्याने पुसलं जातं, पण हा आकार तिथेच राहतो. म्हणूनच नकली माल करणाऱ्यांचा सगळा जोर छपाईवर असतो. जुनी शाई कमालीची कच्ची असते, त्यामुळे व्हॉल्व्ह स्पिरिटने चकचकीत करायची हौस आवरा. आणखी एक घोळ: आज दुकानात मलार्ड नावाचा कोरा व्हॉल्व्ह मिळतो, पण तो रशियातल्या सारातोव्हचा. नावाचे हक्क विकत घेतलेत, सगळं कायदेशीर आहे. वाजतोही ठीक. त्याचा ब्लॅकबर्नशी मात्र काडीचा संबंध नाही.

(दृश्य: मुंबई, लॅमिंग्टन रोड. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात मिसळलेले व्हॉल्व्ह, काहींवर बीईएल.)

आपल्याकडे शोधायचं तर लॅमिंग्टन रोड, चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार. तिथल्या खोक्यांत बीईएलचा शिक्का दिसतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले, तंत्र फिलिप्सचं. म्हणजे याही व्हॉल्व्हचं नातं त्याच घराण्याशी. टेलिफुंकनच्या तुलनेत किंमत किरकोळ, आणि माझ्या मते आवाजाच्या मानाने फारच किरकोळ. विलायती नावापायी बीईएलचा चांगला ईसीसी ८३ खोक्यात परत टाकणारे पाहिले की हसू येतं.

(दृश्य: टेस्टरचा काटा. नंतर पेन्सिलीने काचेवर हलकी टिचकी, स्पीकरमधून टिण्ण.)

ओळख पटली म्हणजे व्हॉल्व्ह चांगला ठरला असं नाही. काच टिचकीने वाजवा. स्पीकरमध्ये घंटा वाजल्यासारखा आवाज आला, तर पहिल्या स्टेजला, जिथे सिग्नल सगळ्यात बारीक असतो, तो निरुपयोगी. मात्र अँप्लिफायरच्या आत हात घालू नका. तिथे तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात.

मग टेस्टर. प्लेटला २५० व्होल्ट, ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, उणे २, तर प्रत्येक ट्रायोडमधून १.२ मिलिअँपिअर करंट जावा, असं डेटाशीट सांगतं. दोन्ही अर्ध्यांचे आकडे वेगवेगळे घ्यायचे. डब्यावर ‘एनओएस’ लिहिलं आहे, माल कधी वापरलाच नाही, असं विक्रेता सांगेल. त्याच्याकडे हे दोन आकडे मागा. नसतील, तर वापरलेल्या व्हॉल्व्हची किंमत सांगा आणि तिथून घासाघीस सुरू करा.