क्रोमियमला पेशीचं दार कोण उघडतं?

(वडोदऱ्यात दांडिया बाजारात गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काम करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून थेट वेल्डिंगपासूनच सुरुवात करतो. माझ्याकडे खोकल्यासाठी एक वेल्डर येतात. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या जोडतात, तेही टाकीत उतरून. डोळ्यांपुढे काच, नाकाला रुमाल. तो त्यांनी खिशातून काढून दाखवला. नाकपुड्यांच्या जागी दोन करडे डाग. म्हणाले, "बघा ना, सगळं इथेच अडतं."

अडतं ते जाडंभरडं. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान; आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. रुमालाच्या विणीतून ते फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

तिथल्या पहारेकरी पेशी कण गिळतात आणि त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. जंतू त्यानं मरतो, धातू कसा मरेल? उलट धुरातलं लोह त्याच पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एका इलेक्ट्रॉनसाठी हपापलेला रेणूचा तुकडा, तयार करतं. लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी 1894 सालीच नोंदवली होती. हे मूलक समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतं, मग ते पेशीचं स्निग्ध आवरण असो, प्रथिन असो की डीएनए. ऑक्सिडेटिव्ह इजा म्हणतात ती हीच.

क्रोमियमची गोष्ट मला याहून अस्वस्थ करते. घरातल्या स्टीलच्या डब्याची भीती नको. पण वेल्डिंगच्या उष्णतेत स्टीलमधल्या काही क्रोमियमचं क्रोमेट होतं, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं, सहा-संयुजी रूप. क्रोमेटचा आकार सल्फेटसारखा. सल्फेट पेशीला लागतंच, त्यासाठी तिनं दार ठेवलेलं असतं. त्याच दारानं क्रोमेट आत शिरतं. आत 'क' जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन हे पेशीचं राखणदार रसायन त्याला इलेक्ट्रॉन देऊन तीन-संयुजी करतात. हेच काम पेशीबाहेर, फुप्फुसाच्या ओलाव्यात झालं तर आपण वाचतो, कारण तीन-संयुजी क्रोमियमला आत शिरणं जड जातं. आत झालं, की ते आतच अडकतं, डीएनएला चिकटतं. शिवाय या देवघेवीत नवी मूलकं निघतात आणि राखणीचं ग्लुटाथायोन खर्ची पडतं. पेशी आपलं कर्तव्यच करत असते हो, आणि त्यातच ती जखमी होते. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला, तो उगाच नाही.

"पण मी रोज गूळ खातो, त्यानं छाती साफ राहते," ते वेल्डर म्हणाले. गूळ अन्ननलिकेत जातो, धूर श्वासनलिकेत. धूर जिथे निघतो तिथूनच ओढून घेणारी नळी हवी, टाकीत ताजी हवा सोडणारा ब्लोअर हवा, आणि त्यावर धुरासाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. कापडी फडकं नव्हे. वाकून काम करताना डोकं धुराच्या लोटात येऊ देऊ नका.

त्यांचा मुलगाही आता याच कामाला लागलाय. पुढच्या खेपेला दोघांनी यायचं आणि आपापला मास्क सोबत आणायचा, असं ठरलंय. तो चेहऱ्यावर कुठे सैल पडतो, ते मी स्वतः बोट फिरवून पाहणार आहे.