किडा नसलेली कीड

(दृश्य: सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीचा पहिला मजला. दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवलेल्या चपला. त्यांत एक जोड अगदी लहान, गुलाबी.)

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. साडेचार वर्षांची एक मुलगी आजीचा पदर धरून उभी आहे. डॉक्टरांनी नाव विचारले तरी ती उत्तर देत नाही. दोन्ही ओठ तिने आत ओढून घट्ट मिटले आहेत. बऱ्याच वेळाने ते उघडतात, तेही डॉक्टरांसाठी नव्हे. ती आजीला विचारते, "तो किडा काढताना चावेल का गं?"

या प्रश्नात मुलीचा दोष नाही. आपल्या भाषेत दाताला ‘कीड लागते’ आणि दात ‘किडतो’. मोठ्यांच्या कानांना हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत की त्यातला किडा त्यांना दिसत नाही. मुलांना मात्र तांदळात सापडलेली अळीच आठवते, आणि ती आपल्या तोंडात वळवळत असल्याच्या कल्पनेने त्यांची झोप उडते. प्रत्यक्षात दातात असा कोणताही किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कठीण आवरण हळूहळू विरघळू लागते. लाळ या आम्लाचा प्रभाव कमी करते, परंतु त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास मिळावा लागतो. म्हणूनच जेवताना खाल्लेल्या दोन मोदकांपेक्षा दुपारभर थोड्या थोड्या वेळाने चघळलेल्या गोळ्या आणि चहात बुडवून खाल्लेली, दाढांच्या खाचांत चिकटून राहणारी बिस्किटे अधिक घातक ठरतात.

डॉक्टर खुर्ची सोडून मुलीसमोर उकिडव्या बसतात. "किडा नसतोच, बाळा. दातावर चिकट बसतं ना, ते आपण ब्रशने पुसायचं. आज मी फक्त तुझे दात मोजणार आहे."

यानंतर जे घडते त्याला बालदंतवैद्यकात ‘सांगा, दाखवा, करा’ असे म्हणता येईल. अमेरिकी दंतवैद्य ॲडलस्टन यांनी 1959 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. डॉक्टर प्रथम छोटा आरसा मुलीच्या हातात देतात आणि त्यात तिला तिच्याच अंगठ्याचे नख दाखवतात. मग पाण्याची फवारणी तिच्या तळहातावर होते, आणि लाळ ओढून घेणारी नळी पेल्यातले पाणी सुर्रकन पिऊन टाकते, तेव्हा मुलगी पहिल्यांदा हसते. खुर्ची वर जाते, खाली येते. मोजणी सुरू होण्याआधी एक करारही होतो: नको वाटले तर डावा हात वर करायचा, डॉक्टर लगेच थांबतील. तिसऱ्याच दाताला हात वर जातो, बहुधा करार खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी. डॉक्टर थांबतात. त्यानंतर तो हात पुन्हा वर जात नाही.

बाहेरच्या बाकावर मात्र वेगळी भाषा ऐकू येते. "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील," असे एक वडील मुलाला बजावत आहेत. धाक दाखवायला डॉक्टर सोयीचे वाटतात खरे, पण त्याच डॉक्टरांसमोर उद्या मुलाने विश्वासाने तोंड उघडावे अशी अपेक्षा मग कशी करायची? "काहीच दुखणार नाही" हे आश्वासनही जपून द्यावे, कारण जरासे दुखले तरी पुढच्या खेपेस आईवडिलांच्या शब्दावर मूल विश्वास ठेवत नाही. शहाणपणाने तपासून घेतल्याबद्दल चॉकलेट देण्याच्या प्रथेविषयी तर काय बोलावे!

भीतीचे मूळ बहुतेक वेळा उशिरात असते. रात्रभर दाढ ठणकल्यावर, गाल सुजल्यावर मूल पहिल्यांदा दवाखान्यात येते आणि दवाखाना व दुखणे यांची सांगड त्याच्या मनात कायमची बसते. त्यामुळे पहिला दात आल्यावर, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, एक भेट व्हावी असे बालदंतवैद्य सांगतात. इतक्या लहान बाळाला खुर्चीत बसवत नाहीत. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळाचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर येते आणि त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर राहते. मोठ्या मुलांसाठी वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. शाळा आटोपून दमलेले, भुकेले मूल संध्याकाळी सहकार्य करत नाही.

"दुधाचेच दात, पडायचेच आहेत," हे वाक्य या दवाखान्यात रोज ऐकू येते, आणि आज ते आजींनीही म्हटले आहे. दुधाचे दात 20 असतात. पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. त्यांतली एखादी वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. शिवाय सहाव्या वर्षी या दाढांच्याही मागे पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने घरातले तिलाही दुधाचीच समजतात, आणि जन्मभर पुरायची ही दाढ दोन-तीन वर्षांतच पोखरली जाते.

(दृश्य: न्हाणीघरातील आरसा. मुलीच्या मागे उभी असलेली आई.)

रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करून द्यावा, मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत. हाताची ती सफाई त्याआधी येत नाही. तीन वर्षांखालील मुलांना फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत दिसतो तसा पेस्टचा लांबलचक पट्टा लागत नाही. ब्रश झाल्यावर खळखळून चुळा भरण्याची आपली सवय इथे थोडी आवरावी. पेस्ट थुंकून टाकणे पुरेसे आहे, म्हणजे फ्लोराइड दातांवर काही वेळ टिकते. यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये, आणि झोपताना दुधाची बाटली तर नाहीच. वरच्या पटाशीच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले, तर ती किडण्याची पहिली खूण असते. या टप्प्यावर ते थोपवता येते.

खासगी दवाखाना परवडत नसेल, तर पुण्यातील दंतमहाविद्यालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा आरोग्य तपासणी होते. दातांची तपासणी तिच्यात येते. शाळेतून आलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळून राहू नये, एवढे मात्र घरच्यांनाच पाहावे लागते.

(दृश्य: पुन्हा दवाखाना.)

मोजणी पूर्ण झाली आहे. वीसपैकी वीस दात हजर आहेत. एका दाढेवर लहानसा तपकिरी ठिपका आहे, त्यासाठी पुढच्या मंगळवारी यायचे ठरले आहे. मुलगी खुर्चीतून उतरते, पण आरसा परत देत नाही. बाकावर बसलेल्या आजीसमोर ती उभी राहते.

"आजी, आ कर."

आजी इकडेतिकडे पाहते, पदर सावरते आणि तोंड उघडते. खालच्या ओळीवर बोट ठेवत मुलगी मोठ्याने मोजू लागते. सातव्या दातानंतर बोट रिकाम्या हिरडीवर येते आणि ती डॉक्टरांकडे वळून विचारते, "ही जागा मोजायची का?"