मुंबईची जुनी गाडी, कोकणची दमट हवा आणि एअरबॅग

[दृश्य: पावसाळी दुपार. राजापूरजवळच्या एका घराचं खळं. पत्र्याच्या शेडखाली उभी जुनी गाडी.]

काचेच्या रबरावर शेवाळ धरलंय. पायाखालच्या मॅटला कुबट वास येतोय. कोकणात चार-पाच पावसाळे काढलेल्या गाडीत हे दिसणारच, आणि आपण फडकं मारून मोकळे होतो. पण हीच ओल स्टीअरिंगच्या मधोमध बसवलेल्या धातूच्या एका डबीतही मुरू शकते. तिथे फडकं पोचत नाही.

[दृश्य: उघडलेलं स्टीअरिंग, आतला इन्फ्लेटर.]

ही डबी म्हणजे इन्फ्लेटर. आत रसायनाच्या दाबलेल्या वड्या असतात. जोराची धडक बसली की वड्या पेटतात आणि त्यांच्या वायूने पापणी लवायच्या आत पिशवी फुगते.

जपानच्या टकाटा कंपनीने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. ते ओल धरतं. शिवाय साधारण 32 अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, आकारमान कमीजास्त होतं. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. दुपारी बंद गाडी भट्टीसारखी तापते, पहाटे निवते. रोजचा हा फेरा. ओल टिपून घेणारा पदार्थ ज्या इन्फ्लेटरांत घातला नव्हता, त्यांतल्या वड्या वर्षानुवर्षं असं तापून-निवून ठिसूळ होतात, त्यांचा भुगा होतो. भुगा वडीपेक्षा फार वेगाने जळतो. दाब डबीला सोसवत नाही, ती फुटते, आणि पत्र्याचे तुकडे पिशवी फाडून गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. ज्या धडकेतून माणूस एरवी कपडे झटकत उठला असता, त्या धडकेत जीव गेलेले आहेत.

म्हणूनच अमेरिकेत फ्लोरिडा, हवाईसारख्या उष्ण, दमट प्रदेशांतल्या गाड्या आधी परत बोलावल्या गेल्या. याला रिकॉल म्हणतात. जगभरात सुमारे 10 कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. टकाटाने 2017 मध्ये दिवाळखोरी पत्करली. भारतात होंडाने जुलै 2016 च्या एकाच फेरीत 1,90,578 गाड्या बोलावल्या. टोयोटाच्या जुन्या कोरोला अल्टिसही नंतर बोलावल्या गेल्या.

[दृश्य: मुंबई-गोवा महामार्ग. एमएच 01, 02, 04 च्या पाट्या.]

कोकणातली अडचण पत्त्याची आहे. रिकॉलचं पत्र कंपनीच्या दप्तरी असलेल्या मालकाला जातं, म्हणजे बहुतेक वेळा मुंबई-ठाण्यातल्या पहिल्या मालकाला. गाडी पुढे दोनदा विकली गेली, गावी आली. पत्र काही आलं नाही. त्यामुळे चौकशी आपणच करायची.

आरसीवरचा 17 अक्षरी चासी नंबर घ्या. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तसं काही वाटलं, तर तो एक किंवा शून्य समजा. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर तो टाका, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगा. चालकाची आणि शेजारची, दोन्ही बाजू वेगवेगळ्या विचारा. या मोहिमा टप्प्याटप्प्याने निघाल्या, एक बाजू बदललेली आणि दुसरी तशीच, असं होतं. रिकॉलमधल्या बदलीला पैसे लागत नाहीत. जॉब कार्डावर बदललेल्या भागाची नोंद करून घ्या.

[दृश्य: मीटरमधला एअरबॅगचा दिवा, जवळून.]

चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. सोबत हॉर्नही गेला असेल, तर स्टीअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगची वायर जोडणारी गुंडाळी, बघायला सांगा. सीटखालचे पिवळे कनेक्टर खाऱ्या हवेने गंजतात. 2021 च्या चिपळूणच्या पुरात बुडालेली गाडी घेताना तर ते उघडूनच पाहावेत. आणि दिवा मुळीच लागत नसेल, तर जास्त सावध व्हा. अपघातात पिशव्या उडालेल्या गाडीत नव्या न बसवता, दिवाच तोडून टाकणारे, किंवा चार पैशांचा रेझिस्टर (विजेचा एक छोटा भाग) लावून तो नेहमीसारखा विझवणारे लोक आहेत. घेणाऱ्याच्या जिवाशी केलेला हा सरळ खेळ आहे.

[दृश्य: रत्नागिरी, न्यायालयाचा परिसर.]

नुकसान झालंच तर? मोटार वाहन कायद्यातल्या कलम 110 अ नुसार केंद्र सरकार सदोष गाड्या परत घ्यायला लावू शकतं: पैसे परत, दुसरी गाडी किंवा दुरुस्ती. पण सक्तीच्या रिकॉलचे नियम 7 वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. जुन्या गाडीवाल्याला ग्राहक आयोगाची वाट उरते.

ती वाट कच्ची नाही. 20 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एअरबॅग न उघडलेल्या ह्युंदाई क्रेटा गाडीच्या मालकाच्या बाजूने निकाल दिला. धडकेचा वेग आणि बल मोजायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

मात्र पुरावा हातात हवा. अपघातानंतर गाडी भंगारात देऊ नका. फुटलेली पिशवी, इन्फ्लेटर आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिट जागच्या जागी राहू द्या. धडकेची नोंद त्या युनिटमध्ये असते. पंचनाम्यात पिशवीचा उल्लेख करून घ्या. जखमेतून धातूचा तुकडा निघाला, तर तो जपून ठेवायला आणि केसपेपरवर लिहायला डॉक्टरांना सांगा.

ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत 2 वर्षांची. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते: अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस. वकील सक्तीचा नाही, आणि गाडीला मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. सुरुवातीच्या सल्ल्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.